पेटीबाहेर न येणारे रेकॉर्डिंग

वाशिम जिल्ह्यातल्या पोलिसांच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला 'एमपीडीए' हे नाव नवे नाही. अमक्या गावच्या तमक्याला एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध केले, जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला, अशी चार ओळींची बातमी अधूनमधून येते. कायदा १९८१ चा आहे. खटला न चालवता माणसाला आत ठेवण्याचा अधिकार तो देतो. त्याचे पूर्ण नाव सहसा कुणी वाचत नाही. वाचले तर झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, वाळूतस्कर आणि काळाबाजार करणारे यांच्या रांगेत 'व्हिडिओ पायरेट' उभा दिसतो. २००९ च्या दुरुस्तीने त्याला तिथे आणले. वाळूतस्कर त्याच्याही नंतर, २०१५ मध्ये आले.

चित्रपटाच्या चोरट्या प्रती विकणारा हातभट्टीवाल्याच्या शेजारी का जाऊन बसला, हे समजण्यासारखे आहे. मुंबईच्या चित्रपटउद्योगाचा तोटा खरा होता आणि आजही आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या मागे झाकल्या गेलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल. हा माणूस आपल्याच घरातल्या टीव्हीवर लागलेले काहीतरी आपल्यासाठी रेकॉर्ड करून ठेवतो. विकत नाही, तिकीट लावून दाखवत नाही. एमपीडीएच्या व्याख्येत तो बसत नाही आणि आपल्या संसदेने त्याला स्पष्ट मोकळीक दिलेली आहे. तरीही चोराला अडवायला म्हणून जी कुलपे घडवली गेली, ती शेवटी याच्या घरात येऊन बसली. अमेरिकेत त्यावर तीस वर्षे कोर्टकज्जे झाले. आपल्याकडे कुणी चकार शब्द काढला नाही.

प्रत करणे हे पुण्यकर्म मानणारे गाव याच जिल्ह्यात आहे. कारंजा लाड. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून लोक तिथल्या गुरुमंदिरात जातात. त्याच गावात जैनांची जुनी मंदिरे आहेत आणि त्या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे. जैन परंपरेत शास्त्रदानाला मोठे स्थान आहे. व्रताची सांगता झाली, घरात काही मंगल घडले, की गृहस्थ लेखनिकाला बसवून एखाद्या ग्रंथाची प्रत करून घ्यायचा आणि ती मुनींना किंवा मंदिराला अर्पण करायचा. ग्रंथाच्या शेवटी लिहिणाऱ्याचे आणि लिहवून घेणाऱ्याचे नाव यायचे. मूळ कवीच्या कीर्तीला त्याने काही उणेपणा येतो, असे कुणाच्या मनातही आले नाही. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंत नावाचा अपभ्रंश भाषेतला कवी होऊन गेला. त्याचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी संपादित केले आणि १९३१ मध्ये ते कारंज्याहून छापून निघाले. पाठोपाठ १९३३ मध्ये 'णायकुमारचरिउ' आले. त्याचे संपादक डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. कवीच्या हातची पोथी आज कुठेच नाही. आहेत त्या प्रतींच्या प्रती. हजार वर्षे ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतले, त्यांच्यामुळे पुष्पदंत आपल्यापर्यंत पोचला.

पोथी उतरवायला महिने लागत. त्या श्रमातच नकलेवर मर्यादा होती. छपाई आली तेव्हा ती मर्यादा सैल झाली आणि लेखकाच्या हक्काचा विचार सुरू झाला. तरी छापखाना घरात नव्हता. एखाद्याने बेकायदा पुस्तक छापले तर त्याला गाठता येई. चुंबकीय फीत आली आणि प्रत करण्याचे यंत्र दिवाणखान्यात जाऊन बसले. खरा पेच तिथे सुरू झाला.

हा पेच सगळ्यात आधी पश्चिम जर्मनीच्या न्यायालयांसमोर आला. १९५५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की घरी टेपरेकॉर्डरवर संगीत उतरवून घ्यायलाही हक्कदाराची परवानगी लागेल. मग संगीतकारांच्या संघटनेने पुढची मागणी केली. टेपरेकॉर्डर विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र दुकानदाराने पाहावे आणि नाव आम्हाला कळवावे. १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने ही मागणी फेटाळली. नावे मिळाली तरी उपयोग काय? घरोघर जाऊन कोण काय उतरवतो हे पाहावे लागेल आणि घराच्या खासगीपणाला तर राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९६५ च्या नव्या कायद्याने मधला मार्ग काढला. घरी उतरवून घ्यायला परवानगी, पण यंत्राच्या किमतीत थोडी रक्कम कलावंतांसाठी घ्यायची. मला हा विचार या सगळ्या इतिहासातला सर्वात सभ्य विचार वाटतो. कलावंताला पैसे मिळाले आणि कुणाच्या घरात डोकावावे लागले नाही. भारतात असा आकार कधीच लावला गेला नाही.

अमेरिकेतली गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. एका वाहिनीवरचा कार्यक्रम पाहताना दुसरीवरचा चुकणार नाही, अशी त्याची जाहिरात होती. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्ये दावा ठोकला. म्हणणे असे की लोक आमचे चित्रपट टीव्हीवरून उतरवून घेणार आणि त्याला यंत्र विकणारा जबाबदार. १९७९ मध्ये खालचे कोर्ट सोनीच्या बाजूने, १९८१ मध्ये अपिलाचे कोर्ट स्टुडिओंच्या बाजूने. मधल्या काळात, १९८२ मध्ये, चित्रपट कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेन्टी यांनी संसदेच्या समितीसमोर व्हीसीआरची तुलना एकट्या बायकांचे गळे घोटणाऱ्या बोस्टनच्या कुप्रसिद्ध खुन्याशी केली. त्याच खटल्यात लहान मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांची साक्ष झाली होती. आईवडिलांनी माझा कार्यक्रम उतरवून घ्यावा आणि सवडीने मुलांबरोबर बसून पाहावा, यात मला आनंदच आहे, असे त्यांचे सांगणे होते. १७ जानेवारी १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. कार्यक्रम आता उतरवून नंतर पाहणे हा हक्कभंग नाही. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर व्हीसीआर त्या देशात वेगळ्याच वाटेने गेला असता. पुढे काही वर्षांतच कॅसेटच्या धंद्यातून स्टुडिओंना थिएटरपेक्षा जास्त पैसा मिळू लागला.

या निकालातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. न्यायालयाने मोकळीक दिली ती वेळ बदलून पाहण्याला. रात्रीचा कार्यक्रम सकाळी पाहिला आणि पुसला. तो कायमचा जपून ठेवायचा असेल तर काय, हा प्रश्न त्यांनी नीटसा सोडवलाच नाही. माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा तिथे आहे. पाहणे आणि जपणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली सवडीची, दुसरी स्मरणाची.

आपल्याकडे व्हिडिओ आला तो १९८२ च्या आशियाई खेळांच्या आगेमागे, रंगीत टीव्हीच्या जोडीने. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. खेड्यात व्हीसीआर विकत घेणारे घर विरळा. रात्रभराच्या भाड्याने यंत्र, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट आणायच्या, चौकात मांडायच्या आणि पहाटेपर्यंत पाहायचे. 'गावात व्हिडिओ आला' असे लोक म्हणत. त्यातल्या बहुतेक कॅसेट चोरट्या असत, हे सर्वांना ठाऊक होते. ज्यांच्या घरी स्वतःचे यंत्र होते ते टीव्हीवरचेही उतरवून ठेवत. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवार सकाळ साऱ्या देशाने त्याला देऊन टाकली. ज्याला ते चुकवायचे नव्हते, त्याला कोरी कॅसेट हवी होती.

व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक चौकोनी पट्टी असे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती उडवली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. यंत्र बटण दाबूच देत नसे. लग्नाच्या कॅसेटची पट्टी घरातले जाणते माणूस पहिल्या दिवशीच तोडून टाकी, नाहीतर पोरे त्यावर क्रिकेटची मॅच उतरवतील ही भीती. आणि मन बदलले तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा मोकळी. रोधक होता, पण तो लावायचा की काढायचा हे ठरवणारा माणूस त्याच घरात राहत होता.

कायदा या काळात चोराच्या मागे धावत होता आणि ते योग्यच होते. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, शिक्षा वाढल्या, विक्रीच्या व्हिडिओ कॅसेटवर हक्कदाराचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणे बंधनकारक झाले. मग केबल आली. एकाच्या घरी व्हीसीआर, तिथून तारा शंभर घरांत. हे घरगुती पाहणे की जाहीर खेळ? गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी याचा निकाल केला. पाहणारे आपापल्या घरात असले तरी केबलचे ग्राहक हा जनतेचाच भाग आहे, म्हणून विनापरवाना चित्रपट दाखवणे हा हक्कभंग. रेघ नेमकी जिथे पडायला हवी तिथे पडली. घरात पाहणे वेगळे, घराघरांत पुरवणे वेगळे.

या स्पष्टतेचाच पुढचा टप्पा म्हणजे कॉपीराइट कायद्याचे कलम ३९. १९९४ च्या दुरुस्तीने त्याला आजचे रूप आले. प्रसारण करणाऱ्या संस्थेला पंचवीस वर्षांचा हक्क कलम ३७ ने दिला. आणि कलम ३९ ने लगेच सांगितले की स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी, ध्वनी वा दृश्य रेकॉर्डिंग केले तर त्या हक्काचा भंग होत नाही. पाहून पुसून टाका अशी अट त्यात नाही. अमेरिकन न्यायालयाने जो प्रश्न अर्धवट सोडला, तो आपल्या संसदेने नागरिकाच्या बाजूने सोडवला. एक फट मात्र राहिली होती. प्रसारणाबद्दल मोकळीक होती, पण त्या प्रसारणातल्या चित्रपटाचा कॉपीराइट वेगळा, आणि खासगी वापराची सवलत तेव्हा साहित्य, नाट्य, संगीत, कला यांच्यापुरतीच होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती संगणक प्रणाली सोडून सगळ्या कृतींना लागू केली. म्हणजे टीव्हीवरचा चित्रपटही स्वतःसाठी उतरवून ठेवायला आता कायद्याची आडकाठी नाही. त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आले. तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण संसदेने तिथेही भान ठेवले. कायद्याने ज्या गोष्टीला मनाई केलेली नाही, तिच्यासाठी कुलूप उघडणे गुन्हा ठरत नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात थिएटरात कॅमेरा लावून चित्रपट उतरवणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद झाली. तीही थिएटरापुरती. घराला तिने हात लावला नाही.

इतका नीट विचार केलेला कायदा असताना माणसाच्या हातून रेकॉर्डिंग गेले कसे? त्यासाठी पुन्हा एकदा बाहेर जावे लागेल. डिजिटल प्रसारण आल्यावर अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्यांनी मागणी केली की प्रत्येक कार्यक्रमासोबत एक खूण पाठवावी आणि ती खूण दिसली की टीव्हीने, रेकॉर्डरने प्रत करायला नकार द्यावा. दळणवळण आयोगाने २००३ मध्ये तसा नियम केला. लागू होणार होता जुलै २००५ पासून. ग्रंथालयांची संघटना कोर्टात गेली. कार्यक्रम घरात पोचल्यानंतर यंत्राने काय करावे हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे म्हणून ६ मे २००५ ला न्यायालयाने तो नियम रद्द केला. जपानमध्ये २००४ पासून एकच प्रत असा नियम होता. तक्रारी इतक्या झाल्या की जुलै २००८ पासून दहा प्रतींपर्यंत सूट द्यावी लागली. दोन्हीकडे लोकांना कळत होते की आपल्याकडून काय काढून घेतले जात आहे.

आपल्याकडे हे एका परिशिष्टातून आले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३ मार्च २०१७ ला केबल आणि डीटीएचसाठी आंतरजोडणीचे विनियम काढले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ग्रामीण भागातल्या केबलच्या डिजिटायझेशनची मुदत संपत होती, म्हणजे मालेगाव, रिसोड, मानोऱ्याच्या खेड्यांतली जुनी थेट टीव्हीला जोडलेली तार जाऊन तिथे सेट टॉप बॉक्स येत होता. विनियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात एक ओळ आहे. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्समध्ये प्रत रोखणारी यंत्रणा हवी आणि रेकॉर्ड केलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही उपकरणावर हलवता येता कामा नये. बस, एवढेच. त्या विनियमांवरून मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले, ३० ऑक्टोबर २०१८ ला ट्रायच्या बाजूने निकाल लागला. पण भांडण दरांचे आणि पॅकेजांचे होते. लोकांची चर्चाही १३० रुपयांच्या भाड्यावर अडली. रेकॉर्डिंगच्या ओळीबद्दल कुणी बोलले नाही.

तिचा अर्थ घरात असा होतो. बॉक्समध्ये उतरवलेले त्याच बॉक्समध्ये पाहायचे. बॉक्स बिघडला, कंपनी बदलली, की जपलेले सगळे त्याच्याबरोबर गेले. आणखी एक गोष्ट प्रत्येकाने पाहिली आहे. मॅच रंगात आलेली असते आणि पडद्याच्या कोपऱ्यात, कधी मधोमध, आकड्यांची एक ओळ काही क्षण उमटून जाते. तो तुमच्या बॉक्सचा किंवा कार्डाचा क्रमांक. कुणी पडद्यावरून चोरी केली तर ती कुठल्या घरातून झाली हे कळावे यासाठी तो दाखवतात. १९६४ मध्ये जर्मन न्यायाधीशांना जे ओळखपत्र मागणे घराच्या खासगीपणावर घाला वाटले, तेच आज दिवाणखान्यात रोज झळकते आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही.

उद्योगाची बाजू मी हलकी मानत नाही. कोट्यवधी खर्चून काढलेला चित्रपट प्रदर्शनाच्या दिवशी फुकट फिरताना पाहणाऱ्या निर्मात्याचे, त्यात काम केलेल्या शेकडो कामगारांचे नुकसान होते. डिजिटल प्रत मूळ कृतीइतकीच स्वच्छ असते, हा त्यांचा मुद्दाही बरोबर. सशुल्क वाहिनीवरच्या नव्या चित्रपटाला काही काळ कडक संरक्षण असावे, हे मला मान्य आहे. पण परिशिष्टातली ती ओळ नवा चित्रपट आणि सह्याद्री वाहिनीवरचे 'आमची माती, आमची माणसं' यांच्यात फरक करत नाही. सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल कृषितज्ज्ञ जे सांगतो, ते शेतकऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा पाहायचे असेल तर त्यात कोणत्या निर्मात्याचे काय बुडते? २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्रीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. ठरलेल्या वेळी लागणारा तास. त्या वेळी वीज गेली, मूल आईबापाबरोबर शेतात असले, तर तास हुकला. शिक्षकाने तो पेनड्राइव्हवर घेऊन तांड्यावर नेणे हे कलम ३९ मधल्या अध्यापनाच्या व्याख्येत तंतोतंत बसते. डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सला पुढे यूएसबीचे भोक असते आणि अशा बऱ्याच बॉक्सवर हे जमते. महिन्याला पैसे भरणाऱ्याच्या बॉक्सवर, तीच सह्याद्री, तोच तास, बाहेर काढता येत नाही. जो हक्क संसदेने दोघांना सारखा दिला, तो नियामकाच्या एका ओळीने एकाकडे राहिला आणि दुसऱ्याकडून गेला.

आणि जपण्याची गरज काल्पनिक नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. टेप महाग, म्हणून जुने पुसून त्यावर नवे घेणे ही रीतच होती. सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी मराठी कार्यक्रम त्यात कायमचे गेले. बीबीसीनेही साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' मालिकेचे भाग नष्ट केले. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी तीसहून अधिक वर्षे बातम्यांच्या वाहिन्या रात्रंदिवस उतरवल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या तेव्हा घरात सुमारे सत्तर हजार कॅसेट होत्या. वाहिन्यांनी स्वतः न जपलेला काळ त्यांत आहे. संस्था विसरतात. जपतात ती बहुधा एकेकटी माणसे, जशी कारंज्याच्या भांडारांना प्रती अर्पण करणारी होती. पण बॉक्सबाहेर काहीच येणार नसेल तर असे माणूस जपणार काय?

मागणी मोठी नाही. मोफत वाहिन्या, दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या आणि शैक्षणिक कार्यक्रम यांचे रेकॉर्डिंग बॉक्सबाहेर नेता यावे, एवढा अपवाद त्या परिशिष्टात घालावा. कलम ३९ ने जे दिले ते यंत्राने हिरावू नये, असे स्पष्ट लिहावे. ट्राय आपले नियम बदलण्याआधी सल्लामसलतीचा कागद संकेतस्थळावर टाकते आणि कुणाचेही म्हणणे लेखी मागवते. आजवर तिथे कंपन्यांची उत्तरे ढिगाने जातात आणि प्रेक्षकांची बोटांवर मोजण्याइतकी. पुढचा कागद निघेल तेव्हा वाशिमच्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी आणि शेतकऱ्यांनी त्यावर दोन ओळी तरी लिहून पाठवाव्यात. मराठीत लिहिल्या तरी चालतील.